वॉरन केलहर यांचा परिचय

वॉरन केलहर आमच्या समोरच्या घरात राहत, आणि त्यांचं गॅरेज सकाळभर उघडं असे. अमेरिकेतल्या ह्या चँडलर गावात माणसं गाडीतून गॅरेजात शिरतात, मागे दार खाली येतं आणि माणूस दुसऱ्या दिवसापर्यंत दिसत नाही. केलहर दिसत, कारण ते गॅरेजात खुर्ची टाकून दोन्ही गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या ठेवून बसलेले असत. खुर्ची नेहमीच्या मापाची होती. त्यांच्याखाली ती बालवाडीतली वाटे.

मी आणि शोभना २००६च्या नोव्हेंबरात सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलो होतो. मी नागपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. ग्रंथपालाला फारसं बोलावं लागत नाही, इतरांना गप्प करावं लागतं, आणि तेही मी हाताने खूण करून करत असे. त्यामुळे केलहरांशी मी ओळख करून घेतली असं म्हणता येणार नाही. मी रोज सकाळी त्यांच्यासमोरून फिरायला जाई, आणि एके दिवशी त्यांनी शेजारी दुसरी खुर्ची आणून ठेवली. खुर्ची ठेवल्यावर न बसता पुढे जाणं मला जमलं नाही.

त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळे. माझं त्यांना किती कळे, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

ते बास्केटबॉलचे व्यावसायिक खेळाडू होते. गॅरेजात त्याची काही खूण नव्हती. एक शिडी होती आणि पाण्याचा एक पाइप. जे कळलं ते त्यांनी सांगितलं म्हणून. ऑस्ट्रेलियात पोलाद कारखान्याच्या एका गावी ते वाढले. शाळेत इतके उंच झाले, की फुटबॉलमध्ये इतर मुलांना लागू नये म्हणून मास्तरांनी त्यांना बास्केटबॉलकडे पाठवलं. त्यांचा पहिला क्लब दुसऱ्या हंगामात बुडाला. दुसरा क्लब तिसऱ्या क्लबात विलीन झाला, तेव्हा त्यांच्या जागेवर दोन माणसं झाली आणि दुसऱ्याला ठेवलं. मग ते बेल्जियमला गेले. तिथल्या संघाच्या मालकाचा गाद्यांचा कारखाना होता. हंगाम संपल्यावर त्याने प्रत्येक खेळाडूला एकेक गादी भेट दिली. केलहरांना ती आखूड पडली.

त्यानंतर अमेरिकेत, उत्तर डकोटातल्या छोट्या लीगमध्ये बर्फातून बसने फिरणं, आणि शेवटी तिथल्या मोठ्या लीगमध्ये दीड हंगाम. मधल्या काळात काही महिने ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघातही होते.

"मोठ्या लीगमध्ये कसं होतं?" मी विचारलं होतं.

"बसायला चांगल्या खुर्च्या होत्या," ते म्हणाले.

सामन्यात त्यांना क्वचितच उतरवत. त्यांचं खरं काम सरावात होतं. उद्या ज्या संघाशी गाठ असेल, त्या संघाचा जो सगळ्यात उंच खेळाडू, तो आज केलहर. तो कोणता खांदा पाडतो, कोणत्या हाताने फेकतो, कुठे ढकलतो, हे ते पाहून ठेवत आणि सरावात तसंच खेळत. "मी कितीतरी जण होऊन गेलो," ते म्हणाले. "सगळे जमायचे. मग सामन्याच्या दिवशी तो स्वतः यायचा, आणि मी बसायचो."

मला ही कारकीर्द विलक्षण वाटली. मला खेळातलं काही कळत नाही, म्हणूनही तसं वाटलं असेल.

आता ते दुपारी पोहण्याच्या तलावांचे पंप विकत. बायको वेगळी झाली होती. मेग नावाची चौदा वर्षांची मुलगी आईकडे टूसॉनला असे. ती कळत्या वयाची होईपर्यंत त्यांचे गुडघे गेले होते.

घोटाळा संक्रांतीच्या हळदीकुंकवात झाला. शोभना तिथे म्हणाली, "आमच्यासमोर ऑस्ट्रेलियाचा खेळाडू राहतो. निवृत्त आहे."

"देशाकडून खेळलाय?" महाराष्ट्र मंडळाच्या जेवणाचं बघणाऱ्या कांचनने विचारलं.

"हो. ह्यांना सांगितलं त्याने."

कुठला खेळ, हे कोणीही विचारलं नाही. 'ऑस्ट्रेलियाचा खेळाडू' म्हटल्यावर आपल्याकडे हा प्रश्न पडत नाही. बायकांनी घरी जाऊन नवऱ्यांना सांगितलं, आणि त्यांनाही पडला नाही.

मंडळाची दर वर्षी टेनिस बॉलवर क्रिकेट स्पर्धा असे, आणि एप्रिलमध्ये एका शाळेच्या हॉलमध्ये बक्षीस समारंभ आणि जेवण. त्या वर्षी माझा मुलगा सिद्धेश अध्यक्ष होता. तो केलहरांच्या समोर तीन वर्षं राहत होता आणि त्यांना गाडीतून हात करत असे. मंडळाचा सचिव विवेक, मूळचा पुण्याचा, मार्चच्या सुरुवातीला आमंत्रण द्यायला गॅरेजात आला. मी दुसऱ्या खुर्चीवर होतोच.

"सर, तुम्ही देशाकडून खेळलात ना?" विवेकने विचारलं.

"थोडंफार."

"आमची टूर्नामेंट आहे. चीफ गेस्ट म्हणून याल? मुलांना दोन शब्द सांगायचे. प्रेशरमध्ये कसं खेळायचं, वगैरे."

"प्रेशरमध्ये मी बहुतेक बसलेलो असायचो," केलहर म्हणाले.

विवेक खूप हसला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "काका, काय डाउन टू अर्थ माणूस आहे यार! आणि ही हाइट! नक्की फास्ट टाकत असणार."

काय टाकत असणार, ते मला कळलं नाही. पण विवेक बोलतो तेव्हा मी सहसा मान हलवतो.

"परिचय तुम्हीच लिहा काका. तुमचं मराठी शुद्ध आहे. वाचायला कोणालाही उभं करू."

वाचायचं नव्हतं, म्हणून मी हो म्हटलं.

मार्च संपता संपता वर्ल्ड कपमधून आपला संघ पहिल्याच फेरीत घरी परतला. ऑस्ट्रेलिया मात्र जिंकत सुटली होती. मंडळात सुतकी वातावरण होतं, आणि निदान एक ऑस्ट्रेलियन येऊन आपल्याला काही सांगणार, याचा लोकांना आधार वाटू लागला. अशात एका संध्याकाळी सिद्धेश लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलावर बसला.

"बाबा, ह्यांचं नाव वॉरनच ना? क्रिकेटच्या एकाही साइटवर सापडत नाहीये."

"क्रिकेटच्या साइटवर कसं सापडेल?" मी म्हणालो. "ते बास्केटबॉल खेळायचे."

सिद्धेशने लॅपटॉप हळूच मिटला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणी विचारलं नाही."

"त्यांच्यावर कशाला ओरडतोस?" शोभना स्वयंपाकघरातून म्हणाली. "लग्नात नाव घ्या म्हटलं, तर त्यांनी पाणी मागितलं होतं."

दुसऱ्या दिवशी आमच्याच दिवाणखान्यात बैठक झाली. विवेक येरझारा घालत होता. "फ्लायर गेलाय सगळीकडे. 'ऑस्ट्रेलियाचे माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू.'"

"मग त्यात खोटं काय आहे?" कांचन म्हणाली.

"खोटं नाहीये, पण लोक बॅट घेऊन येणारेत सह्या घ्यायला! कॅन्सल करू. शेजारच्या टेंपीतल्या श्रीरंगला बोलावू. तो रणजीच्या संघात होता."

"खेळला का?" सिद्धेशने विचारलं.

"संघात होता," विवेक म्हणाला.

श्रीरंगचं ठरलं. मग केलहरांना कोण सांगणार, यावर सगळे थांबले आणि एकेक करून माझ्याकडे बघू लागले.

"काका, तुमचं जमतं त्यांच्याशी," विवेक म्हणाला. "प्रोग्रॅम कॅन्सल झाला म्हणा."

"पण तो झालेला नाही."

"त्यांच्यापुरता झालाय ना."

मी एक इंग्रजी वाक्य तयार केलं. त्यात 'खेद', 'अपरिहार्य' आणि 'आपला मोठेपणा' असे शब्द होते. ते पाठ करत मी सकाळी रस्ता ओलांडला. गॅरेजच्या शिडीवर एक कोट टांगलेला होता. मनगटापर्यंत बाह्या येणारा तेवढा एकच कोट त्यांच्याकडे होता, तोही बेल्जियममध्ये शिवलेला. ते त्यावर ब्रश फिरवत होते.

"मेग येतेय," ते म्हणाले. "टूसॉनहून. तिला सांगितलं, माझा सत्कार आहे. तिने विचारलं, कोण करतंय? मी म्हटलं, समोरचे इंडियन लोक. तर म्हणाली, का?"

त्यांनी ब्रश शिडीवर ठेवला.

"मला उत्तर आलं नाही, मित्रा. तिने मला खेळताना पाहिलेलंच नाही. तिने मला जिना उतरताना पाहिलंय, आडवा होऊन. तिला वाटतं मी बास्केटबॉल खेळायचो ही घरातली एक गोष्ट आहे, लहानपणी सांगतात तशी." त्यांनी कोटावरून एक धागा उचलला. "पण तुम्ही लिहिताय ना. त्यात असेल ते."

माझं वाक्य मला पहिल्या शब्दापर्यंत आठवत होतं.

"सहा वाजता," मी म्हणालो.

"सहा," ते म्हणाले.

घरी आल्यावर शोभनाने विचारलं, "सांगितलंत?"

"वेळ सांगितली."

मग मी तिला मेगचं सांगितलं. ती म्हणाली, "आता त्या पोरीसमोर त्याला परत पाठवलंत, तर मी तुमच्याबरोबर नागपूरला येणार नाही."

"व्हिसा एप्रिलअखेरपर्यंतच आहे," मी म्हणालो.

सिद्धेशला सांगायला हवं होतं. रोज संध्याकाळी तो ऑफिसातून येई तेव्हा मी सांगणार असे, आणि तो दमलेला दिसे.

कार्यक्रमाच्या दिवशी केलहर सहाला दहा मिनिटं असताना आले. दारातून वाकून आत शिरले, तशी हॉलमधली कुजबुज थांबली. मागून मेग आली. तिने स्वेटशर्टची टोपी डोक्यावर ओढली होती आणि कानात इअरफोन होते. ती शेवटच्या ओळीत, बाहेर जायच्या दाराजवळची खुर्ची शोधून तिथे बसली. बापाला तिने जाताना हात केला नाही.

श्रीरंग स्टेजवर आधीच बसला होता.

विवेक मला कोपऱ्यात घेऊन गेला. "काका, तुम्ही कॅन्सल केलं होतं ना?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"जमलं नाही."

"अहो काका, एकच शाल आहे! एकच नारळ आहे!"

"ओरडू नकोस," कांचन शेजारून म्हणाली. "चटणीसाठी एक आणलाय, अजून फोडला नाही. चटणीत दाण्याचं कूट घालू."

सिद्धेश आला. तो रागावला की आवाज खाली नेतो, हे त्याने माझ्याकडूनच घेतलं असावं. "बाबा, मी श्रीरंगचा परिचय वाचणार आहे. केलहरांचा कोण वाचणार? मला त्यांचं एक अक्षर माहीत नाही. इथे कोणालाच माहीत नाही."

ते खरं होतं. मी सभोवार पाहिलं. वाचायला कोणालाही उभं करू म्हणणारा विवेक खुर्च्या मोजायला लागला होता.

माझ्या निरोप समारंभाचं भाषणसुद्धा मी लिहून दिलं होतं आणि कॉलेजच्या हेडक्लार्कने ते वाचलं होतं. तेव्हा मी पहिल्या ओळीत बसून ऐकलं, आणि ते मला बरं वाटलं होतं. इथे हेडक्लार्क नव्हता.

माइकपाशी गेलो आणि मराठीत वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य झालं. मग माझं लक्ष शेवटच्या ओळीतल्या त्या टोपीकडे गेलं, आणि लक्षात आलं की ज्या एका श्रोत्यासाठी हे लिहिलं, तिला ह्यातलं काहीच कळणार नाही. महिनाभर शुद्धलेखन तपासलं, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी थांबलो. लोकांना वाटलं मी कागद उलटतोय. मग मी पुन्हा पहिल्यापासून, इंग्रजीत सुरू केलं. माझं इंग्रजी पुस्तकांच्या पाठींवर छापलेल्या नावांवरून आलेलं आहे. त्यात क्रियापदं कमी आहेत.

"हे क्रिकेटपटू नाहीत," मी म्हणालो.

हॉलमध्ये हालचाल झाली. "मग कोण आहेत?" मागून कोणीतरी मराठीत विचारलं.

"बास्केटबॉल."

"अरे यार," तोच आवाज म्हणाला. पहिल्या ओळीतल्या एका गृहस्थांनी मांडीवरची बॅट खुर्चीखाली सरकवली.

परिचयात पाहुण्यांना अष्टपैलू, बहुआयामी आणि ज्यांना परिचयाची गरज नाही असं म्हणायचा रिवाज आहे. मीही तसं लिहून पाहिलं होतं आणि खोडलं होतं, कारण केलहरांना परिचयाची गरज होती. मी फक्त जे मला माहीत होतं ते सांगितलं. पोलादाचं गाव सांगितलं. त्यांचे क्लब बुडाले ते सांगितलं, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यात त्यांचा हात नव्हता हेही. लोक हसले. मी घाबरलो. गादीचं सांगितलं तेव्हा जास्त हसले. मला वाटलं मी माणसाची चेष्टा करवून घेतोय. वळून पाहिलं, तर स्टेजवर श्रीरंगच्या शेजारी केलहर मान खाली घालून बुटांकडे बघत होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते की नाही, हे मला माइकपासून ठरवता येईना.

मग मी सरावाचं सांगितलं. उद्याचा माणूस आज ते होत, हे सांगायला मला तीन वेळा वाक्य बदलावं लागलं. कोणाला कळलंसं दिसलं नाही. मी कागद खाली ठेवला, कारण पुढचं त्यात नव्हतं.

"कोणीतरी विचारलं आहे, ह्यांचा सत्कार का," मी म्हणालो. "मला वाटतं प्रश्न बरोबर आहे. माझा मुलगा चिपच्या कंपनीत आहे. त्याने मला त्याचं काम समजावलं होतं. चिप बाहेर जायच्या आधी तो तिला सगळ्या तऱ्हेने छळतो. बाहेर जे काही तिच्या वाट्याला येणार, ते तो आत आधीच तिच्यावर आणतो. ती टिकली तर जाते. मग लोक चिप विकत घेतात. माझ्या मुलाला कोणी ओळखत नाही. मिस्टर केलहर हे माणसांच्या बाबतीत करत. मोठ्या लीगमधल्या माणसांच्या बाबतीत. ते दुबळे असते, तर तो सराव कोणाच्याही कामाचा नसता."

"व्हेरिफिकेशन म्हणतात त्याला!" तिसऱ्या ओळीतून एकजण ओरडला आणि एकटाच टाळ्या वाजवू लागला. त्याच्या शेजारचा म्हणाला, "आपल्याला कोणी शाल देत नाही रे." मग ते दोघं वाजवू लागले. त्या हॉलमध्ये निम्म्याहून जास्त लोक ह्याच कामावर होते, हे मला नंतर कळलं. टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. माझं बोलून झालं होतं, पण माइकपासून कसं निघायचं ते सुचेना, म्हणून उभा राहिलो.

सत्काराच्या वेळी अडचण आली. सिद्धेशचे हात केलहरांच्या छातीपर्यंत पोहोचत होते, आणि केलहरांना वाकायला गुडघे देत नव्हते. विवेकने खुर्ची आणली. सिद्धेश तीवर चढला, खुर्ची डुगडुगली, आणि श्रीरंगने उठून ती धरली. शाल अंगावर आली. केलहरांना ती मफलरएवढी झाली. नारळ त्यांच्या पंजात लिंबासारखा दिसत होता. श्रीरंगला चटणीचा नारळ मिळाला, आणि त्याचाही परिचय सिद्धेशने नीट वाचला.

मुलांनी उडी मारून, वरून रिंगमध्ये बॉल घातल्यासारखं करत केलहरांना विचारलं, "कॅन यू डंक?"

"आता नाही," ते म्हणाले. "शिडी असेल तर."

पहिल्या ओळीतल्या गृहस्थांनी बॅट खुर्चीखालून काढली आणि तिच्यावर सही घेतली.

जेवणाची रांग लागली तेव्हा मेग माझ्या पुढे होती. टोपी मागे पडली होती. तिचे केस बापासारखे लाल होते.

"ते गादीचं खरं आहे?" तिने विचारलं.

"मी तिथे नव्हतो," मी म्हणालो. "त्यांनी सांगितलं."

"त्याने मला कधी नाही सांगितलं."

"विचारलं होतं का?"

ती ताट उचलून पुढे सरकली. मी बोललो ते उद्धटपणाचं झालं की काय, ह्या विचारात मी पुऱ्या घ्यायला विसरलो आणि मागच्या बाईंनी मला ढकललं.

टेबलामागे कांचन बटाट्याची भाजी वाढत होती. तिने मेगला आपादमस्तक पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, "तू कोणाबरोबर आलीस गं?"

"माझ्या बाबांबरोबर," मेग म्हणाली. "ते उंच आहेत, ते."

हॉलच्या दुसऱ्या टोकाला केलहर मुलांच्या घोळक्यात उभे होते. कमरेखालचे ते दिसत नव्हते, बाकी सगळे दिसत होते. कांचनने डाव हवेत धरला आणि पायांच्या बोटांवर उभी राहून सगळीकडे शोधलं.

"कोणते?" ती म्हणाली. "इथे बरेच उंच लोक आहेत. नीट दाखव बघू."

मेगने ताट डाव्या हातात घेतलं, उजवा हात खांद्याच्या वर नेला आणि बोट केलं. रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. केलहरांनीही पाहिलं.

"ते," ती म्हणाली. "शालवाले."

"अच्छा, ते!" कांचन म्हणाली, आणि तिला भाजी जास्त वाढली.